गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं

ख्रिसमसच्या गाडीची कल्पना मुळात अश्लेषाची. टोकियोजवळच्या ग्योतोकुतल्या मराठी मंडळींपैकी आता फारशा कुणाला ते आठवत नाही. गणपती, दिवाळी, तशी डिसेंबरातली ही सहल पहिल्यापासूनचीच आहे असं सगळे धरून चालतात. पण सुरुवातीला या सहलीत दोघीच होत्या, अश्लेषा आणि तिची दोन वर्षांची कस्तुरी.

अनुराग तिच्या आधी चार वर्षांपासून टोकियोत, तेव्हा एका बँकेच्या प्रोजेक्टवर होता. सकाळी तोझाई लाईनच्या गर्दीत शिरायचा तो पोरगी झोपल्यावरच उगवायचा. अश्लेषाला जपानी येत नव्हतं. कोनबिनी दुकानातल्या मुलीने पिशवी हवी का विचारलं तरी तिला घाम फुटायचा. कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा हे चुकलं, की शेजारच्या आजी तिची पिशवी उचलून पुन्हा तिच्या दारात आणून ठेवायच्या, वर कमरेत वाकून हसायच्याही. असे दिवस जात असताना एकदा स्टेशनात तिला एक पोस्टर दिसलं. पिवळ्या रंगाचा एकच डबा, त्याला दिव्यांच्या माळा, आणि खिडकीतून हात हलवणारा सांता. अक्षरं कळली नाहीत, चित्र कळलं. तिने तिकीट खिडकीतल्या माणसाला मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला, त्याने नकाशावर बोट फिरवून वाट समजावली, आणि पुढच्या रविवारी ती मुलीला घेऊन एकटीच निघाली. निशी-फुनाबाशीला बदल, चिबाला बदल, मग आणखी एक.

चिबाच्या आतल्या भागातली ती छोटी खाजगी लाईन. डिझेलवर चालणारा एकच डबा डुलत डुलत भातशेतांमधून डोंगराकडे जायचा. सांता झाले होते रेल्वेतूनच निवृत्त झालेले एक आजोबा. त्यांनी कस्तुरीसमोर गुडघ्यावर बसून तिच्या हातात चॉकलेट ठेवलं, मग वर पाहून अश्लेषाला तिचं नाव विचारलं. "आशुरेशा-सान," त्यांनी दोनदा घोळवून म्हटलं. वर्षभरात या देशात तिला तिचं नाव विचारणारा तो पहिला माणूस. परत येताना कस्तुरी मांडीवर झोपली होती, आणि अश्लेषाला पहिल्यांदा वाटलं की जमेल, आपल्याला इथे राहता येईल.

पुढच्या वर्षी तिने नेत्राला बरोबर घेतलं. नेत्रा त्याच इमारतीत दोन मजले खाली राहायची. मूळची डोंबिवलीची, बोलघेवडी, अश्लेषाची इथली पहिली मैत्रीण. मग नेत्राने आणखी दोघींना ओढलं, त्यांचे नवरेही यायला लागले, आणि बघता बघता अख्खा डबाच आपल्या लोकांसाठी राखून ठेवायची पद्धत पडली. रेल्वेवाल्यांना फोन करायचा अश्लेषाने. गाडीत सांता माईकवरून जे बोलतील ते मराठीत सांगायचंही तिनेच. कारण मधल्या काळात ती जपानी शिकली होती. आधी नुसतं बोलण्यापुरतं, मग अक्षरं, मग जवळच्या एका होइकुएनमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी. पोरांची नाकं पुसता पुसता तिने पाळणाघरातल्या शिक्षिकांची सरकारी परीक्षा द्यायचं मनावर घेतलं. पहिल्यांदा आपटली. दुसऱ्यांदा पास झाली. आणि यंदाच्या नोव्हेंबरात मुख्याध्यापिका हिरानो-सेन्सेईंनी तिला ऑफिसात बोलावून विचारलं, "एप्रिलपासून एक वर्षाच्या मुलांचा वर्ग तुम्ही घ्याल का? बाइतो नाही. कायमच्या शिक्षिका म्हणून."

ती तिथल्या तिथे हो म्हणाली. संध्याकाळी अनुराग स्ट्रॉबेरीचा केक घेऊन आला. त्यावर कस्तुरीकडून क्रीमने 'सेन्सेई' लिहून घेतलं, तिघांचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. "आता तू खरी सेन्सेई," तो म्हणाला आणि पहिला घास त्याने तिला भरवला.

यंदा ख्रिसमसच्या आधीचा रविवार लख्ख उजाडला. सगळे ठरल्या वेळी निघाले. कुणी तिखटमिठाच्या पुऱ्या घेतलेल्या, कुणी बटाट्याची भाजी, कुणी थर्मासमध्ये चहा. मुलांनी लाल टोप्या चढवल्या होत्या. नेत्राने तिच्या दीड वर्षाच्या साईला सांताचा पोशाख घातला होता, तो दर पाच मिनिटांनी टोपी काढून फेकत होता आणि नेत्राचा नवरा शशांक ती उचलून आणत होता. नव्या मंडळींत सिंधू आणि राजस होते. राजस अनुरागच्या टीममधला, दोघं उन्हाळ्यातच पुण्याहून आलेले, अजून कंपनीने दिलेल्या एका खोलीत राहणारे. सिंधू सगळ्याचे फोटो काढत होती, अगदी रुळांचेसुद्धा.

छोट्या लाईनच्या फलाटावर तोच डबा उभा होता. आजोबा लाल डगला घालून दारात. "आशुरेशा-सान! यंदाही आलात," असं म्हणून त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. कस्तुरी केवढी वाढली म्हणून कौतुक केलं. गाडी हलली तशी मुलं खिडक्यांना चिकटली. कापणी झालेली शेतं, त्यात उभे बगळे, आणि पानं झडलेल्या झाडांवर नुसती केशरी फळं. "ही काकी," कुणीतरी जपानी नाव सांगितलं, आणि एका पोराने ओरडून विचारलं, "काकी झाडावर कशाला चढली?" सगळा डबा हसला. दर वर्षी कुणीतरी हा विनोद करायचंच, आणि दर वर्षी सगळे तेवढेच हसायचे.

अनुराग पुढे ड्रायव्हरच्या मागच्या काचेशी मुलांना घेऊन उभा होता. बोगदा गेला, डबे उघडले, खाणं फिरू लागलं. अश्लेषाने पुऱ्या वाढल्या आणि जरा टेकली, तर सिंधू कागदी बशी घेऊन शेजारी येऊन बसली.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"तुमच्या हॉलमधले पडदे तुम्ही ठेवणार आहात की नेणार? म्हणजे ठेवणार असाल तर मी आत्ता सेलमध्ये घेत नाही. ते निळे त्या खोलीला इतके छान दिसतात ना."

अश्लेषाला वाटलं, पोरीची काहीतरी गल्लत होतेय. "कुठे नेणार?"

"पुण्याला," सिंधू सहज म्हणाली. "राजस म्हणाला, मार्चपासून फ्लॅट आमच्या नावावर होईल. अनुरागदादांनी एजंटशी बोलूनसुद्धा ठेवलंय. तुमच्यामुळे फार मोठं काम झालं हो, ताई, नाहीतर आम्हाला परदेशी म्हणून कुणी—" आणि तिचं लक्ष अश्लेषाच्या चेहऱ्याकडे गेलं. तिच्या हातातली बशी कलली. "ताई... तुम्हाला माहीत आहे ना?"

समोरच्या बाकावर शशांक एकाएकी मोठ्याने म्हणाला, "अरे, पूल आला बघा पूल!" पुलाकडे कुणी पाहिलं नाही.

अश्लेषाने डब्यातून नजर फिरवली. एक जण मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. एकीने मुलाचं स्वच्छ तोंड पुन्हा पुसायला घेतलं. राजस खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. सिंधूचं बोलणं चांगलं तीन-चार बाकांवर ऐकू गेलं होतं, आणि एकानेही विचारलं नाही, "काय झालं? कुठे चाललात?" कुणी विचारलं नाही, तिथेच तिला सगळं कळलं.

"नेत्रा," ती म्हणाली, "ही काय म्हणतेय?"

नेत्रा समोरच बसली होती, साईला मांडीवर घेऊन. तिने त्याच्या हातातला पुरीचा तुकडा उगाच काढून घेतला, तसा तो रडायला लागला. "अशू, आपण खाली उतरल्यावर बोलू या का?"

"म्हणजे तुला माहीत आहे."

"अनुरागच सांगणार होता तुला. मी त्याला शंभरदा म्हटलं, तू आधी अशूशी बोल."

"कधीपासून माहीत आहे?"

नेत्राने साईला थोपटलं. थोपटणं थांबलं तेव्हा हळूच म्हणाली, "दिवाळीच्या आधीपासून."

केक दिवाळीनंतर आला होता. अश्लेषाच्या मनात एवढंच उभं राहिलं. त्या संध्याकाळी तिने नेत्रालाही वर बोलावलं होतं, आणि नेत्रा आली होती, मिठी मारून म्हणाली होती, "माझा साई तुझ्याच वर्गात घालणार बघ मी!" अश्लेषाच्याच घरात उभी राहून, तिचाच केक खात.

एवढ्यात कस्तुरी पुढून पळत आली. "आई, ओमिझु!" तिला पाणी हवं होतं. आठ वर्षांची ही मुलगी मराठीत विचारलेल्याचं उत्तर जपानीत द्यायची. अश्लेषाने बाटली दिली, तिला प्यायला दिलं, आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "कस्तुरी, आपण पुण्याला राहायला जाणार आहोत, तुला माहीत आहे?"

मुलीने बाटली तोंडाजवळून खाली घेतली. आधी नेत्राकडे पाहिलं. मग पुढे बापाच्या पाठीकडे. "हिमित्सु," ती पुटपुटली. गुपित.

"कुणाचं गुपित?"

"पापांचं. आईला सरप्राइज आहे म्हणाले." आणि एकदा तोंड उघडल्यावर तिला राहवेना. जपानी-मराठीची खिचडी करत तिने सगळंच ओतलं. पुण्याच्या शाळेचा इंटरव्ह्यूपण झाला. लॅपटॉपवर. नेत्रामावशीच्या घरी. मावशीने वेण्या घातल्या. मॅडमनी विचारलं, तुझी आई काय करते, मग मी सांगितलं, माय मदर इज अ टीचर. तर पापा म्हणाले, व्हेरी गुड. सांगून झाल्यावर ती आईचं तोंड निरखत राहिली. "ओकोत्तेरु?" तिने विचारलं. रागावलीस?

"तुझ्यावर नाही," अश्लेषा म्हणाली. "तुझ्यावर मुळीच नाही."

तिला तो शनिवार आठवला. पाळणाघरात तिची ड्युटी होती. ती दमून घरी आली तर कस्तुरी दोन घट्ट, सरळ वेण्या घालून बसलेली. अश्लेषाला कधी इतक्या सरळ भांगाच्या वेण्या जमल्या नव्हत्या. "अगं, काय गोड दिसतेस! कुणी घातल्या?" "नेत्रामावशीने." आणि तिने नेत्राला कृतज्ञतेचा मेसेज पाठवला होता, की माझ्या गैरहजेरीत तू माझ्या पोरीचं किती करतेस.

तेवढ्यात आजोबा हसत हसत आले. भेटी वाटून झाल्या होत्या, आता त्यांचं दर वर्षीचं छोटं भाषण. त्यांनी नेहमीसारखा दुसरा माईक अश्लेषाच्या हातात दिला. त्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना. ती उठली. माईक हातात आल्यावर आवाज आपोआप नीट लागला, वर्गात लागतो तसा. आजोबा म्हणाले, आमची लाईन छोटी आहे, गावं रिकामी होत चालली आहेत, पण तुम्ही लांबून येता म्हणून डिसेंबरात आम्हाला हुरूप येतो. तिने ते मराठीत सांगितलं. आजोबा म्हणाले, मुलांनो, खूप खा, मोठे व्हा. तेही सांगितलं. शेवटी ते वाकून म्हणाले, पुढच्या वर्षीही नक्की सगळे या, मी वाट पाहीन.

"ते म्हणताहेत, पुढच्या वर्षीही सगळे या, ते वाट पाहतील." अनुराग काचेशी मागे वळून उभा होता, नेहमीसारखा टाळ्या वाजवायच्या तयारीत. "मी येणार आहे," ती माईकवर म्हणाली. "बाकी कोण कुठे असणार, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

मग ती आजोबांकडे वळली आणि त्यांना जपानीत म्हणाली, की सगळ्यांनी आभार मानले आहेत. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. डब्यात दुसऱ्या कुणाच्या टाळ्या पडल्या नाहीत.

शेवटच्या स्टेशनात गाडी फोटोंसाठी बराच वेळ उभी राहायची. मुलं डब्याच्या पुढच्या टोकाशी धावली. फलाटाच्या पार टोकाला, जिथे सिमेंट संपून गवत लागतं, तिथे अनुरागने तिला गाठलं.

"कुणी सांगितलं तुला?" त्याचा पहिला प्रश्न हा.

"हे विचारायला आलायस?"

"अशू, मी सांगणारच होतो. तुझा हा कार्यक्रम नीट पार पडू दे म्हणून थांबलो होतो. म्हटलं, न्यू इयरच्या सुट्टीत निवांत बोलू."

"ऑफिसला हो कधी म्हणालास?"

"ऑक्टोबरमध्ये."

"मग केक कशाला आणलास?"

तो म्हणाला, "मला खरंच आनंद झाला होता गं. तू इतकी मेहनत केली होतीस."

"आनंद झाला होता. आणि मी एप्रिलमध्ये कुठल्या रंगाचे एप्रन शिवू म्हणून तुला विचारत होते, तेव्हा तू पिवळे म्हणालास."

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलंच नाहीस."

मग तो बोलायला लागला ते एका दमात. "अकरा वर्षं झाली, अशू. अकरा वर्षं मी त्या ऑफिसात अनुराग-सान आहे. मीटिंगमध्ये कडेला बसतो, सगळे बोलून झाले की बोलतो. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं पुण्यात हेड झाली. तू इथे फुललीस. तुझं सगळं झालं. भाषा, नोकरी, पर्मनंट रेसिडेन्सीसुद्धा तूच धावपळ करून आणलीस. माझं काय झालं? सकाळी गाडीत उभा राहतो तेव्हा वाटतं, असाच इथे उभ्या उभ्या म्हातारा होणार मी. आई तिकडे एकटी. जिना चढवत नाही तिला. मी थकलो गं."

त्यातलं काही खोटं नव्हतं. अश्लेषालाही ते ऐकताना कळत होतं.

"हे मला कधी बोलला नाहीस."

"तुझा चेहरा बघून बोलवायचं नाही."

"नेत्राला बोललास. राजसला बोललास. पोरीला सांगितलंस. हेच मला सप्टेंबरात येऊन सांगितलं असतंस ना, अनुराग, तर मी भांडले असते, रडले असते, आणि मग कदाचित आलेही असते तुझ्याबरोबर. खरंच आले असते की नाही, ते आता आपल्या दोघांनाही कधीच कळायचं नाही."

"अजून मी नाही म्हणू शकतो. उद्या फोन करतो."

"तुझ्या जागी माणूस नेमलाय का इथे?"

नेमला होता.

"आणि पोरीला खोटं बोलायला शिकवलंस."

"खोटं नाही, फक्त सरप्राइज—"

"आठ वर्षांची मुलगी दोन महिने आईपासून तोंड लपवत वावरली. तिला काय वाटलं असेल, विचार केलास?"

गाडीची शिट्टी झाली. आजोबा दारातून दोन्ही हात हलवून बोलावत होते. अश्लेषा पुढे निघाली, आणि सवयीने मागे वळून म्हणाली, "चल, गाडी सुटेल." मग आपण असं म्हणालो याचाच तिला संताप आला.

परतीच्या वाटेवर सिंधू शौचालयापाशी उभी राहून रडत होती. अश्लेषाने तिला रुमाल दिला. "तुझी काही चूक नाही," ती म्हणाली. "आज या गाडीत माझ्याशी खरं बोलणारी तू एकटी." नेत्रा दोनदा उठून जवळ आली. दोन्ही वेळा अश्लेषाने कस्तुरीला आपल्या आणि रिकाम्या जागेच्या मध्ये बसवून घेतलं.

पुढचे आठवडे घरात बोलणं झालं ते कामापुरतं. अनुराग माफी मागायचा, आणि माफीतून पुन्हा स्वतःची बाजू मांडायला लागायचा. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. जयमालाबाईंनी मुलगा-सून येणार म्हणून मागची खोली रंगवून घेतली होती. "अगं, मला तर अनु म्हणाला, तूच फार आनंदात आहेस म्हणून," त्या चाचरत म्हणाल्या. "तुला माहीतच नव्हतं?" मग म्हणाल्या, "असा नव्हता गं तो. तुला वाटेल तेव्हा ये. नाही वाटलं तर नको येऊस. मी काही विचारणार नाही." अश्लेषा त्या दिवसांत पहिल्यांदा रडली ती हा फोन ठेवल्यावर.

हिरानो-सेन्सेईंना तिने जाऊन सांगितलं की एप्रिलपासून मी वर्ग घेणार. त्या गोंधळल्या. "ते तर तुम्ही नोव्हेंबरातच म्हणाला होतात."

"हो," ती म्हणाली. "पुन्हा एकदा सांगावंसं वाटलं."

फेब्रुवारीच्या शेवटी अनुराग गेला. कस्तुरीला कुठे राहायचंय हे या वेळी तिलाच विचारायचं, असं दोघांत ठरलं होतं, आणि ती म्हणाली, आईजवळ, पण सुट्टीत आजीकडे. विमानतळावर अनुराग म्हणाला, "तू म्हणालीस तर मी वर्षभरात परत येण्याचं बघतो." अश्लेषा म्हणाली, "तुला काय हवं ते तू ठरव. आणि ठरवलंस की मला सांग." एवढंच. तो आत गेला. मुलगी काच संपेपर्यंत हात हलवत राहिली.

तो मोठा फ्लॅट अश्लेषाने सोडला. एकटीच्या पगारात तो परवडणारा नव्हता, आणि शेवटी तो सिंधू-राजसलाच मिळाला. ती कस्तुरीला घेऊन पाळणाघराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला गेली. सामान हलवायला मंडळींतले बरेच जण आले. सगळे फार मदत करत होते, फार हळू बोलत होते. तिने सगळ्यांना चहा दिला. नेत्राही आली होती, खोकी बांधत होती. एकदा दोघीच स्वयंपाकघरात उरल्या तेव्हा ती म्हणाली, "अशू, मला वाटलं, नवरा-बायकोच्या मध्ये आपण कशाला पडा. मी तुला सांगितलं असतं आणि तुमच्यात काही झालं असतं तर?"

"तू मध्ये पडली नाहीस," अश्लेषा म्हणाली. "तू इंटरव्ह्यूला घर दिलंस. वेण्या घातल्यास." आणि वर्तमानपत्रात ताटल्या गुंडाळत राहिली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवी मुलं आली. एक वर्षाच्या वर्गाच्या दारात रडारड, आयांचे लाल डोळे, नावं शिवलेल्या पिशव्या. अश्लेषा गळ्यात नावाची पट्टी लावून दारात उभी होती आणि एकेक मूल ताब्यात घेत होती. चौथी की पाचवी नेत्रा. कडेवर साई. नगरपालिकेने त्याला याच पाळणाघरात जागा दिली होती. अर्ज तर नेत्राने आधीच केलेला, अश्लेषाचं नाव सांगून.

साईने तिला ओळखलं आणि दोन्ही हात पुढे केले. त्याला काय ठाऊक. तिने त्याला घेतलं, छातीशी धरलं, त्याच्या केसांना तोच परिचित खोबरेल तेलाचा वास होता. तो मानेत तोंड खुपसून बसला.

"अशू," नेत्रा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते मुलाला सोडताना येतं ते रडू नव्हतं. "अशू, किती दिवस गं अशी वागणार आहेस? बोल ना माझ्याशी."

मागे आणखी दोन आया रांगेत उभ्या होत्या. अश्लेषाने साईला एका हातावर नीट घेतलं, कमरेत वाकली, आणि जपानीत, प्रत्येक आईला म्हणत होती तेच आणि त्याच सुरात म्हणाली, "ओआझुकारी शिमासु." मुलाला सांभाळते, निश्चिंत असा.

नेत्रानेही कमरेत वाकून नमस्कार केला, पिशवी खुंटीला अडकवली आणि निघाली. अश्लेषा साईला घेऊन आत गेली, खिडकीपाशी बसली आणि त्याचे बूट काढू लागली. एका बुटाची नाडी गाठ पडून घट्ट बसली होती. ती तिने घाई न करता नखाने हळूहळू सैल करायला घेतली.